संन्याशांचा व्हिजिटर व्हिसा, हे नियम आले कुठून

अमेरिकेच्या व्हिसाचा डीएस-१६० फॉर्म भरायला बसलं की व्यवसायाच्या यादीत ‘रिलिजस व्होकेशन’ असा एक पर्याय दिसतो. तो निवडला तरी पगाराचा रकाना पाठ सोडत नाही, आधी दुसरं कुठलं नाव होतं का तेही विचारतात, लग्न झालंय का विचारतात. मी मिरजेत फॉर्म भरून द्यायचं काम करतो आणि आमच्या सांगली-सातारा पट्ट्यात असे अर्ज येतच असतात, कॉन्व्हेंटच्या सिस्टर, मठातले स्वामी, पर्युषणात प्रवचनाला बोलावलेले पंडित, गणपतीत कीर्तनाला जाणारे महाराज. शेवटचे दोघं काही संन्यासी नव्हेत, पण जायचा रस्ता बराचसा एकच.

अडचण काय होते बघा. सिस्टरांनी दारिद्र्याचं व्रत घेतलेलं असतं, शाळेत शिकवून पगार मिळाला तरी तो त्यांच्या धार्मिक संघाच्या खात्यात जातो, नावावर गुंठाभर जमीन नाही, नवरा-पोरं नाहीत. आणि व्हिसा अधिकारी तर नेमकं तेच बघतो, हा माणूस परत येईल कशावरून? नोकरी दाखवा, बँक स्टेटमेंट दाखवा, घरदार दाखवा. म्हणजे जे सोडलं म्हणून ती व्यक्ती संन्यासी झाली, तेच टेबलावर मांडा म्हणतात. मग उरतं काय, तर संस्थेचं पत्र. ‘ही आमची सदस्य आहे, इतक्या वर्षांपासून आहे, खर्च आम्ही करतोय, अमुक तारखेला परत येणार आहे.’ हे पत्र इतकं महत्त्वाचं कसं झालं ते समजून घ्यायचं तर बरंच मागं जावं लागतं.

विवेकानंद ३१ मे १८९३ ला मुंबईहून बोटीत बसले तेव्हा व्हिसा नावाची भानगड नव्हती. पण शिकागोच्या धर्मपरिषदेनं त्यांना अडवलंच, कारण कुठल्या मान्यताप्राप्त संस्थेचं पत्र त्यांच्याकडं नव्हतं. शेवटी हार्वर्डचे प्रोफेसर जॉन हेन्री राइट यांनी पत्र दिलं आणि काम झालं. सरकारनं विचारायच्या आधी ‘तुम्हाला पाठवलंय कुणी’ हे धर्मपरिषदेनंच विचारलं होतं. त्याच परिषदेचं आमंत्रण जैन आचार्य आत्मारामजींनाही होतं, पण जैन साधू बोटीत बसत नाहीत, म्हणून त्यांनी वीरचंद गांधी या गृहस्थाला प्रतिनिधी म्हणून पाठवलं. या जैन बाजूवर पुढं परत येतो, कारण आमच्या भागात तो प्रश्न खरा आहे.

आता कायद्याची गोष्ट, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचं मूळ इथंच आहे. अमेरिकेनं १८८५ मध्ये एक कायदा केला, परदेशातून आधीच करार करून मजूर आणायचे नाहीत. कारखानदार युरोपातून स्वस्तात माणसं भरून आणत होते त्याला आळा घालायला. कायद्यातले शब्द मात्र फार रुंद होते, ‘कुठल्याही प्रकारची मजुरी किंवा सेवा’. नट, कलाकार, गायक, व्याख्याते, घरगुती नोकर यांना सूट दिली होती पण धर्मगुरूंचं नाव त्या यादीत टाकायचं राहून गेलं. आणि १८८७ मध्ये न्यूयॉर्कच्या होली ट्रिनिटी चर्चनं इंग्लंडच्या ई. वॉलपोल वॉरन या पाद्र्यांशी करार करून त्यांना बोलावलं. सरकारनं चर्चवरच केस टाकली, खालच्या कोर्टात चर्च हरलं सुद्धा. २९ फेब्रुवारी १८९२ ला सुप्रीम कोर्टानं निकाल फिरवला. न्यायमूर्ती ब्रूअर यांनी लिहिलं ते थोडक्यात असं, की शब्द बघितले तर हे प्रकरण कायद्यात बसतं खरं, पण कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात अंगमेहनतीचे मजूर होते, पाद्री नव्हते. वकील लोक ही केस आजही शिकतात, पण ती कायद्याचा अर्थ कसा लावायचा यासाठी. मला त्यात दुसरंच दिसतं. धर्माचं काम करायला आलेला माणूस हा कामगार की पाहुणा, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा एवढा उघड विचारला गेला आणि आज ज्या देशाचा फॉर्म उघडाल तिथं तोच प्रश्न आहे.

पुढं १९१७ मध्ये अमेरिकेनं आशियाचा मोठा पट्टाच बंद करून टाकला, हिंदुस्थान त्यात आला. तरी धर्मगुरू, धर्मशिक्षक, मिशनरी यांना त्यातून वगळलं होतं. १९२४ च्या कायद्यात धर्मगुरूंना कोट्याबाहेर ठेवलं पण अट घातली, अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं हेच काम केलेलं पाहिजे. ही दोन वर्षं लक्षात ठेवा.

आपल्या बाजूला पासपोर्ट सक्तीचा झाला पहिल्या महायुद्धामुळं, १९२० चा इंडियन पासपोर्ट अ‍ॅक्ट त्यातूनच आला. त्याआधी पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेजच्या सिस्टरांकडं गेल्या तेव्हा असलं काही लागत नव्हतं. उलट्या दिशेनंही तसंच, कॅनडाचे डॉक्टर वानलेस मिरजेत आले आणि १८९४ मध्ये इथं मिशनचं हॉस्पिटल उभं राहिलं, ते या मोकळ्या काळातलं. महायुद्धात मात्र जर्मन मिशनऱ्यांना इंग्रजांनी स्थानबद्ध केलं, देशाबाहेर घालवलं, आणि नंतर बाहेरच्या मिशन संस्थांकडून हमी घ्यायला सुरुवात केली की आमची माणसं सरकारविरुद्ध काही करणार नाहीत. इथंही माणसापेक्षा संस्थेची हमी.

१९५२ च्या अमेरिकन कायद्यातलं २१४(बी) हे कलम आजही आमच्या अर्जदारांना नडतं. त्याचा अर्थ असा की व्हिजिटर म्हणून अर्ज करणारा माणूस कायमचा राहायलाच येतोय असं धरूनच चालायचं, तसं नाही हे अर्जदारानं पटवायचं. याच कायद्याखाली १९६५ मध्ये प्रभुपाद अमेरिकेला गेले, इस्कॉन पुढं काढलं ते. बोटीचं तिकीट सिंदिया कंपनीच्या सुमती मोरारजींनी दिलं, पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या एका भारतीय माणसानं हमी घेतली, इथनं बाहेर पडायला रिझर्व्ह बँकेचा पी फॉर्म, म्हणजे परकीय चलनाच्या नियमातली परवानगी, मिळवावी लागली. १७ सप्टेंबर १९६५ ला ते बोस्टनला उतरले, व्हिजिटर म्हणूनच. आणि ३ ऑक्टोबरला तिथं नवा इमिग्रेशन कायदा सही झाला, आशियाचे दरवाजे उघडले. संन्याशाजवळ स्वतःचं काही नसलं की हमी दुसऱ्या कुणाला तरी घ्यावी लागते, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

१९९० मध्ये अमेरिकेनं धार्मिक कामासाठी वेगळा आर-१ व्हिसा काढला, त्यात पंथाचं सदस्यत्व किमान दोन वर्षांचं पाहिजे. १९२४ ची दोन वर्षं ती इथं परत दिसली. जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं. २००८ पासून आधी तिथल्या संस्थेनं पिटिशन टाकायचं आणि अधिकारी संस्थेत जाऊन बघून येणार, कारण खोट्या संस्थांच्या नावावर माणसं आणायचे प्रकार सापडले होते. त्याचा त्रास खऱ्यांना होतो ही माझी तक्रार आहेच, पण कारण खोटं नव्हतं.

आता व्हिजिटर म्हणून गेलं तर काय चालतं? बी-१, म्हणजे कामानिमित्तच्या व्हिजिटर व्हिसावर धर्मगुरू प्रवचनांचा दौरा करू शकतात, दुसऱ्या चर्चच्या पाद्र्याशी काही दिवस जागेची अदलाबदल करू शकतात, मुख्य अट ही की पगार अमेरिकेतून घ्यायचा नाही. दौऱ्यात भाविक जे अर्पण करतील ते चालतं. कीर्तनकार महाराज मला हमखास विचारतात बिदागीचं काय, तर आधी आकडा ठरवून मंडळाकडून घेतलेली बिदागी या अर्पणात बसवायला जाऊ नये असंच मी सांगतो, जेवण-राहणं-तिकीट मंडळानं केलं तर ते वेगळं. कॅनडाचा नियम याहून मोकळा आहे, प्रवचन, पूजाअर्चा, भक्तांना मार्गदर्शन हेच मुख्य काम असेल तर वर्क परमिटच लागत नाही, व्हिसा मात्र लागतो.

ब्रिटनची गोष्ट आमच्या भागात कमी लोकांना माहीत असते. भारतीयांना तिथं जायला १९८६ पर्यंत आधी व्हिसा काढावा लागत नव्हता. त्याच्या दोन वर्षं आधी भारतानं ब्रिटिशांना व्हिसा लावला होता. २००४ मध्ये त्यांनी बाहेरून येणाऱ्या धर्मगुरूंना इंग्रजी यायला पाहिजे अशी अट आणली. आज तिथल्या व्हिजिटर नियमात साफ लिहिलंय की परदेशी धार्मिक कार्यकर्ता येऊन प्रवचन करू शकतो, भक्तांची धार्मिक सेवा करू शकतो. पण एखाद्या चर्चचा किंवा मंदिराचा कारभारच काही आठवडे सांभाळायचा असेल तर ते काम झालं. २०१९ मध्ये हे आणखी कडक झालं, थोड्या काळासाठी येणाऱ्यांनाही मुख्य धर्मगुरूचं काम करायचं तर इंग्रजीची परीक्षा लागणारा मोठ्या मुदतीचा व्हिसा काढा म्हणून सांगितलं. उन्हाळ्यात तिथले फादर सुट्टीवर जायचे आणि बाहेरचे फादर त्यांच्या जागी यायचे, त्या कॅथलिक चर्चची यात मोठी ओढाताण झाली.

आपण बाहेर जाऊन प्रवचनाची परवानगी मागतो तेव्हा आपल्याकडचा नियमही बघून ठेवावा. भारतात टुरिस्ट व्हिसावर आलेला परदेशी माणूस देवळात जाऊ शकतो, प्रवचन ऐकू शकतो, पण स्वतः धार्मिक भाषण करू शकत नाही, पत्रकं वाटू शकत नाही. एप्रिल २०२० मध्ये तबलीगच्या, म्हणजे मुस्लिम धर्मप्रचाराच्या कामासाठी टुरिस्ट व्हिसावर आलेल्या ९६० परदेशी लोकांना काळ्या यादीत टाकलं ते याच नियमावर. ब्रिटनच्या मानानं आपला नियम कडक आहे हे मान्य करायलाच पाहिजे.

आता जैनांचं. सांगली जिल्ह्यात आणि शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ-हातकणंगले बाजूला दिगंबर समाज मोठा आहे. मुनी महाराज वाहनातच बसत नाहीत, चातुर्मासात मुक्काम हलवत नाहीत, तिथं व्हिसाचा विषयच संपतो. भट्टारक, म्हणजे दिगंबर मठांचे प्रमुख, मात्र वाहनानं जातात, आणि श्रावक पंडित जातात. श्वेतांबर तेरापंथात आचार्य तुलसींनी १९८० मध्ये समण श्रेणी काढली, व्रतं बरीचशी साधूंचीच पण वाहनानं प्रवास करायला मुभा, मुख्य हेतू परदेशात धर्म पोचवणं. म्हणजे सरकारांनी नियम वाकवायची वाट न बघता पंथानंच आपल्यात एक नवीन पायरी तयार केली. मला याचं फार कौतुक वाटतं.

पासपोर्टात एक मोठी अडचण होती ती डिसेंबर २०१६ मध्ये सुटली. संन्यास घेतलेला माणूस आई-वडलांचं नाव लावत नाही, आणि फॉर्मवर ते लागायचंच. आता त्या जागी गुरूंचं नाव चालतं, फक्त पॅन, आधार, मतदार कार्ड यांपैकी एका कागदावर पालकांच्या जागी गुरूंचं नाव आधीच असलं पाहिजे. घाई करून पासपोर्ट आधी आणि कागद नंतर असं करायला गेलं की अर्ज अडकतो, त्यामुळं सुरुवात त्या कागदापासून करावी.

युरोपचं सांगतो आणि थांबतो. पाचगणीचं सेंट जोसेफ कॉन्व्हेंट १८९५ मध्ये ज्या संघानं काढलं तो डॉटर्स ऑफ द क्रॉस हा बेल्जियममधल्या लिएजचा, १८३३ चा. अशा संघांच्या सिस्टरांना संघाच्या मूळ मठात बैठकीला, प्रार्थना शिबिराला जावं लागतं, त्यासाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. त्यात धार्मिक कार्यक्रमासाठी आमंत्रण आणि कार्यक्रमपत्रिका हे कागद नियमातच लिहिलेत, किमान ३० हजार युरोचा विमा लागतो, खर्चाची जबाबदारी संघ लिहून देतो. व्हॅटिकनला जायचं तरी इटलीचाच शेंगेन, वेगळा व्हिसा नाही. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांच्या वर राहता येत नाही, आणि बेल्जियम, इटली, जर्मनी सगळे दिवस एकत्र मोजतात. पूर्वी हे शिक्के बघून मोजायचे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन कॉम्प्युटरवर नोंद सुरू झालीय, त्यामुळं वर्षातनं दोन-तीनदा जाणाऱ्या सिस्टरांचे आधीच्या फेरीचे दिवस मोजूनच आता पुढची तारीख घेतो.