सिलिंगवरचा जुना स्मोक डिटेक्टर आणि त्यातलं अमेरिशियम : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

नमस्कार. सोसायटी, हॉटेल, ऑफिस, गोडाऊन, जिथे जिथे आम्ही फायर अलार्मची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभाल, बघतो त्या सगळ्यांसाठी हे पत्रक आहे. रिनोव्हेशनची कामं निघाली की फॉल्स सिलिंग उतरवतात आणि त्यासोबत जुने डिटेक्टरही पोत्यात भरून भंगारवाल्याला जातात, हे आम्हाला थांबवायचंय. जुन्या डिटेक्टरपैकी काही आयोनायझेशन टाइपचे असतात आणि त्यांच्या आत अमेरिशियम नावाचं किरणोत्सर्गी मूलद्रव्य असतं. सिलिंगवर आहे तोवर त्याची भीती बाळगायचं काहीच कारण नाही, पण भंगारात किंवा घंटागाडीत ते जाता कामा नये.

आधी ओळखायचं कसं ते सांगतो. डिटेक्टर बेसमधून फिरवून खाली काढला की मागे स्टिकर असतो. त्यावर पिवळ्या किंवा पांढऱ्या पट्टीवर तीन पाकळ्यांचं रेडिएशनचं चिन्ह, आणि बहुतेक वेळा अमेरिशियम २४१ असं इंग्रजीत छापलेलं, सोबत मायक्रोक्युरी किंवा बेकरेलचा (किरणोत्सर्ग मोजायच्या एककांचा) आकडा. असं काही दिसलं तर तो आयोनायझेशनवाला. चिन्ह नसेल आणि आत काळी, चक्रव्यूहासारखी जाळी दिसली तर तो बहुधा ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाने धूर ओळखणारा, त्यात किरणोत्सर्गी काही नसतं. स्टिकर उडालेला असेल किंवा वर रंग मारून ठेवला असेल तर अंदाज लावत बसू नका, फोटो काढून आम्हाला पाठवा.

आयोनायझेशनवाल्याच्या आत भोकं असलेली छोटी धातूची डबी असते, आणि तिच्यात काही मिलिमीटरची एक चकती. अमेरिशियमचं ऑक्साइड सोन्या-चांदीच्या पातळ पत्र्यात पक्कं बसवून ती चकती करतात. साध्या घरगुती डिटेक्टरमध्ये अमेरिशियम असतं फक्त ०.३ मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे एक ग्रॅममध्ये तीस लाखांहून जास्त डिटेक्टर होतील. एवढ्याशा कणात दर सेकंदाला साधारण ३७ हजार अणूंचं विघटन होत असतं आणि त्यातून अल्फा कण बाहेर पडतात. हे कण ताकदवान असले तरी दमाचे कच्चे, हवेत जेमतेम चार सेंटिमीटर गेले की संपले, साधा कागद आडवा आला तरी अडकतात. पण त्या डबीत तेवढं पुरतं, दोन प्लेटमधल्या हवेचे ते आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, करतात आणि एक अगदी बारीक करंट वाहायला लागतो, मग धूर आत शिरला की आयन धुराच्या कणांना चिकटतात, करंट घसरतो, सर्किटला ते कळतं, पॅनेलवर लाल दिवा लागतो आणि हूटर वाजतो. वाफेने, धुळीने किंवा आत शिरलेल्या किड्याने फॉल्स अलार्म होतो तोही याच कारणाने, त्यामुळे हा प्रकार किचनजवळ आम्ही कधीच सुचवत नाही.

हे अमेरिशियम खाणीतून निघत नाही, ते अणुभट्टीत तयार होतं. प्लुटोनियमवर न्यूट्रॉनचा मारा होत राहिला की त्याचं प्लुटोनियम २४१ बनतं, आणि त्याचंच पुढे आपोआप अमेरिशियम २४१ होतं. अणुक्रमांक ९५, दिसायला रुपेरी धातू, हवेत ठेवला की हळूहळू काळवंडतो. १९४४ मध्ये महायुद्ध चालू असताना शिकागो विद्यापीठातल्या मेटलर्जिकल लॅबोरेटरीत ग्लेन सीबोर्ग, राल्फ जेम्स, लिऑन मॉर्गन आणि अल्बर्ट गिओर्सो या चौघांनी ते शोधलं. ९५ नंबरचं हे आणि सोबतच सापडलेलं ९६ नंबरचं क्युरियम, ही दोन मूलद्रव्यं एकमेकांपासून आणि इतरांपासून वेगळी करताना त्यांची इतकी दमछाक झाली की ग्रुपमधल्या एकाने त्यांना गंमतीने पँडेमोनियम आणि डिलिरियम म्हणायला सुरुवात केली होती. अणुबाँबच्या कामाशी जोडलेला शोध, त्यामुळे सगळं गुप्त. जाहीर मात्र झाला मुलांच्या रेडिओ कार्यक्रमात! ११ नोव्हेंबर १९४५ ला सीबोर्ग तिथे पाहुणे होते, एका मुलाने विचारलं की अजून काही नवीन मूलद्रव्यं सापडली का, आणि त्यांनी सरळ सांगून टाकलं. शास्त्रज्ञांच्या सभेत अधिकृत घोषणा पाच दिवसांनी व्हायची होती. आम्हाला हा किस्सा फार आवडतो, कारण पुढे हेच मूलद्रव्य प्रयोगशाळेतून उठून लोकांच्या बेडरूमच्या छतावर जाऊन बसलं आणि कितीतरी जीव वाचवले. सीबोर्गना अमेरिशियमचं चक्क पेटंटही मिळालं, १९६४ मध्ये.

आता काळजीचा भाग. अमेरिशियम २४१ चा अर्धायुकाल, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, ४३२ वर्षं आहे. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला त्या दिवशी कोणी ते डबीत ठेवलं असतं तर आजही निम्म्याहून जास्त शिल्लक असतं. म्हणजे डिटेक्टर काही वर्षांत बाद होतो, सर्किट जातं, प्लास्टिक पिवळं पडतं, पण आतली चकती जवळपास पहिल्याइतकीच जिवंत असते, "जुना झाला, आता त्यात काय राहिलंय" असं इथे चालत नाही. बाहेरून अल्फा कण कातडीच्या वरच्या थरातच थांबतात, थोडे कमजोर गॅमा किरण निघतात पण ते नगण्य, त्यामुळे खोलीत गरोदर बाई असो की लहान मूल, छतावरच्या डिटेक्टरने काही होत नाही. धोका आहे तो अमेरिशियमचा कण नाकातोंडातून पोटात किंवा फुप्फुसात गेला तर, कारण मग ते हाडांत आणि लिव्हरमध्ये जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. भंगारात नेमकं हेच होऊ शकतं, हातोड्याने फोडणं, वायर-प्लास्टिक जाळणं, धातू वितळवणं. त्यातून जुन्या औद्योगिक डिटेक्टरमध्ये अमेरिशियम घरगुतीपेक्षा बरंच जास्त असायचं. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात किरणोत्सर्गी कोबाल्ट ६० चा सोर्स असलेलं जुनं यंत्र पोचलं होतं, त्यात एकाचा जीव गेला आणि काही जण आजारी पडले. तो सोर्स आपल्या डिटेक्टरपेक्षा कैक पटींनी मोठा, दोघांची तुलना करत नाही, पण यंत्र कशाचं आहे हे न कळता ते भंगारात गेलं ही वाट तीच आहे, आणि पोतं उचलणाऱ्या माणसाला कोणी काही सांगितलेलं नसतं.

अमेरिशियमचा किरणं सोडत राहण्याचा हाच गुण दुसरीकडे कामाला येतो, बेरिलियम धातूसोबत मिसळलं की न्यूट्रॉन मिळतात आणि त्यावर तेलविहिरीतल्या खडकांची तपासणी होते. कारखान्यात कागद, काच, पत्र्याची जाडी मोजायलाही वापरतात. २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये अमेरिशियमच्या उष्णतेवर वीज करून एक छोटा बल्ब पेटवून दाखवला, लांबच्या अंतराळयानांसाठी ते काम चालू आहे.

नवीन डिटेक्टर कुठला घ्यावा असं विचाराल तर आमचं मत स्पष्ट आहे, ऑप्टिकल घ्या. भडकन पेटणारी आग आयोनायझेशनवाला लवकर पकडतो हे खरं, पण गादी, सोफा, वायरिंग अशी धुमसणारी आग ऑप्टिकलला आधी कळते, आणि बाद झाल्यावर त्याची विल्हेवाट सोपी. किरणोत्सर्गी डिटेक्टरवर आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाचं, म्हणजे एईआरबीचं नियंत्रण असतं आणि त्याची विल्हेवाटही त्यांच्या नियमानेच लावावी लागते.

तर तुमच्याकडे असे डिटेक्टर असतील तर इंटेरियरवाल्याने छताला हात लावायच्या आधी आम्हाला कळवा. आम्ही आधी पॅनेलवर तो झोन आयसोलेट करतो, म्हणजे त्या भागाचा अलार्म तात्पुरता बंद ठेवतो, डिटेक्टर अख्खे उतरवतो, उघडत नाही, मोजून यादी करतो, त्या यादीची एक प्रत सेक्रेटरीकडे देतो आणि ते पुरवठादाराकडे परत पाठवायची व्यवस्था बघतो. जानेवारी आणि जुलैच्या फॉर्म बी च्या (आगयंत्रणा चालू असल्याच्या दाखल्याच्या) तपासणीला आलो की तेव्हाही दाखवू शकता. चुकून एखादा फुटलाच तर त्या जागी झाडू किंवा व्हॅक्यूम मारू नका, मुलांना लांब ठेवा, ग्लोव्हज घालून, ओल्या कागदाने तुकडे उचलून ग्लोव्हजसकट जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, हात साबणाने स्वच्छ धुवा आणि पिशवी कचऱ्यात न टाकता बाजूला ठेवून आम्हाला फोन करा.