बायोप्सीचा तुकडा वाढत नाही: बायोप्सी आणि पेशींचं कल्चर

सांगोल्याकडचा एक तरुण आईच्या तोंडातल्या गाठीचा तुकडा घेऊन सोलापुरात आमच्या लॅबच्या खिडकीशी आला. बाटली देताना म्हणाला, "मॅडम, हे वाढायला किती दिवस लागतील?" त्याच्या शेतात टिश्यू कल्चरची डाळिंबं. एवढ्याशा तुकड्यापासून रोप होतं हे ठाऊक असलेल्या माणसाला गाठीचंही तसंच वाटणार. आणि गाठीच्या पेशी प्रयोगशाळेत खरंच वाढवतात. पण त्याच्या बाटलीत वाढण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बाटलीत फॉर्मालिन होतं. तुकडा शरीराबाहेर आला की पेशी स्वतःच्याच रसायनांनी विरघळायला लागतात. फॉर्मालिन त्यांना आहे तशा थिजवतं. पेशी मरतात, पण त्यांचा आकार आणि मांडणी टिकते. मग तुकडा मेणात बसवतो, त्याचे तीन-चार मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप काढतो, काचेवर घेऊन रंगवतो. केंद्रकं निळसर-जांभळी, बाकी सगळं गुलाबी. या पेशी आपला थर सोडून खाली शिरल्यात का, हे पॅथॉलॉजिस्ट त्यावर बघतात. कर्करोग आहे का आणि कुठला, हे इथेच कळतं.

कल्चरला, म्हणजे पेशी जिवंत ठेवून वाढवायला, फॉर्मालिनचा थेंबही चालत नाही. तुकडा ताजा हवा, थंड पोषक द्रवात, काही तासांत पोचवलेला. तिथे तो बारीक चिरून, विकरं (एन्झाइम) घालून पेशी सुट्या करतात आणि ३७ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या हवेत ठेवतात. तोंडातल्या गाठीबरोबर जिवाणू आणि बुरशीही येते, ती आवरावी लागते. त्याहून चिवट त्रास फायब्रोब्लास्टचा. गाठीच्या आधाराला असलेल्या या साध्या पेशी तणासारख्या माजतात आणि कर्कपेशींना जागाच ठेवत नाहीत. आठवडे जातात, आणि कितीतरी नमुने रुजतच नाहीत. रुजले तरी बहुतेक पेशी काही वेळा दुभंगून थांबतात.

न थांबणाऱ्या पेशी १९५१ मध्ये बाल्टिमोरला मिळाल्या, हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून. हीला नावानं त्या आजही जगभर वाढतात. संशोधनासाठी लॅक्स यांची संमती कुणी घेतली नव्हती, आणि हे मला अजून सलतं. २००९ मध्ये नेदरलँड्समध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेनं उंदराच्या आतड्याच्या मूळ पेशींपासून (स्टेम सेल) इवलं आतडं वाढवलं, त्याला ऑर्गनॉइड म्हणतात. आता रुग्णांच्या गाठींपासूनही ऑर्गनॉइड करतात आणि त्यांवर औषधं लावून बघतात. कुठलं औषध कुणाला लागू पडेल हे आधी कळावं, ही आशा त्यामागे आहे, आणि ती मला खरी वाटते. पण आजचं काम बहुतांशी संशोधनाचं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात हीलासारखे वाढत राहणारे पेशींचे वंश जपून ठेवतात आणि संशोधकांना देतात. रुग्णाची केमो कोणती द्यायची, हे मात्र अजून मुख्यतः बायोप्सी आणि स्कॅन बघूनच ठरतं.

(पू किंवा लघवीचं 'कल्चर' हा आणखी निराळा प्रकार. त्यात जंतू वाढवतात, माणसाच्या पेशी नव्हेत.)

हे त्याला थोडक्यात सांगितलं. तो जरा थांबून म्हणाला, "मग पुढं कधी वाढवायला द्यायची असली तर?" त्यासाठी ताजा तुकडा लागेल, आणि संशोधनाची लेखी संमती वेगळी असते. आईला नीट समजावून तिचीच सही घ्यावी लागेल. बायोप्सीच्या कागदावरची सही त्याला चालत नाही.

मग पावतीवरच्या नंबराखाली मी रेघ मारली. मेणाचा ब्लॉक आम्ही जपून ठेवतो. उपचारासाठी बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात किंवा मुंबईला टाटाला जायचं ठरलं, तर हा नंबर दाखवून ब्लॉक आणि काचा आधी मागून घ्यायच्या. एरवी कधी कधी आईला पुन्हा तुकडा द्यावा लागतो.