एका टॅगमध्ये जगाचा नकाशा

जिथे आकडा मोठा तिथे गडद रंग, जिथे लहान तिथे फिका. शाळेच्या भूगोलातला हा क्षेत्रघनी नकाशा. चार्ल्स द्यूपँ यांनी १८२६ साली फ्रान्समधल्या शिक्षणाचा असा नकाशा काढला आणि ही पद्धत रुजली. जगातल्या देशांचा असा नकाशा वेबपानावर हवा असेल, तर मोठी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, लागतेच असं नाही. ब्राउझरमध्ये स्वतःचा टॅग, म्हणजे एचटीएमएलमधली स्वतःची खूण, घडवता येतो. त्याला वेब कंपोनंट म्हणतात.

सुरुवात तक्त्यापासून करावी. टॅगच्या पोटात साधा एचटीएमएल तक्ता ठेवायचा: एका रकान्यात देशाचा कोड, दुसऱ्यात आकडा. कंपोनंट तो वाचून नकाशा रंगवतो. जावास्क्रिप्ट पोचली नाही तरी वाचकाला तक्ता दिसतो, स्क्रीन रीडरलाही तोच वाचता येतो. मात्र शॅडो डॉम, म्हणजे कंपोनंटची पानापासून वेगळी आतली रचना, जोडला की पोटातला मजकूर लपतो, म्हणून तो दिसण्यासाठी नकाशाखाली एक स्लॉट, म्हणजे राखीव जागा, ठेवावा. टॅगच्या नावात जोडरेघ हवीच, आणि पहिलं अक्षर लहान रोमन लिपीतलं हवं. निव्वळ देवनागरी नाव ब्राउझर स्वीकारत नाही.

पहिली अडचण इथेच येते. स्क्रिप्ट पानाच्या वरच्या भागात लगेच चालली, तर ब्राउझर उघडणारा टॅग वाचताच कंपोनंट जागा होतो. त्या क्षणी तक्ता अजून वाचलेलाच नसतो आणि नकाशा कोरा राहतो. स्क्रिप्टला डिफर लावलं किंवा ती मॉड्यूल केली, की ती पूर्ण पान वाचून झाल्यावर चालते आणि प्रश्न मिटतो. दुसरी अडचण जास्त छळते. प्रत्येक देश म्हणजे एसव्हीजी या रेखाचित्रांच्या भाषेतला एक पाथ, म्हणजे आकाराची बाह्यरेषा. तो जावास्क्रिप्टच्या नेहमीच्या क्रिएट-एलिमेंट या आज्ञेने बनवला तर ब्राउझर त्याला अनोळखी एचटीएमएल समजतो: काहीच उमटत नाही आणि त्रुटीचा संदेशही येत नाही. एसव्हीजीचं नेमस्पेस, म्हणजे घटक कोणत्या भाषेतला ते सांगणारी ओळख, देणारी क्रिएट-एलिमेंट-एनएस वापरावी.

देशांच्या सीमांसाठी नॅचरल अर्थ हा नकाशांच्या माहितीचा संच मोफत आणि निर्बंधमुक्त आहे. तो १:११ कोटी, १:५ कोटी आणि १:१ कोटी अशा तीन प्रमाणांत मिळतो. सर्वांत हलक्या संचात १७७ देश आहेत. सिंगापूर, मालदीव आणि मराठी भाषक पिढ्यान्‌पिढ्या राहत असलेला मॉरिशस त्यात नाहीतच. अशा देशांसाठी मध्यबिंदूवर तीन-चार पिक्सेल त्रिज्येचं वर्तुळ काढावं. भारताची सीमा मात्र आवर्जून तपासावी. या संचाच्या मूळ फायलीत प्रत्यक्ष ताब्यानुसार रेषा आहेत, आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं आपल्याकडे गुन्हा आहे. भारताच्या दृष्टिकोनाची फाइल १:१ कोटी प्रमाणात वेगळी मिळते. ती जड असते, म्हणून मॅपशेपर या नकाशे सोपे करणाऱ्या साधनात सीमारेषांचे बिंदू कमी करावेत. शेजारच्या देशांची सामाईक सीमा तो एकत्रच सोपी करतो, त्यामुळे मध्ये फटी पडत नाहीत. लहान देश गळू नयेत म्हणून कीप-शेप्स हा पर्याय लावावा.

आता आकडे आणि आकार यांची जोडणी. सर्वांत जास्त नकाशे इथे चुकतात, आणि चूक सहज नजरेत भरत नाही. नावांवरून जोडू नये: कुणी तुर्की लिहितं, कुणी तुर्किये. आयएसओ ३१६६ या देशांच्या आंतरराष्ट्रीय मानकातले कोड वापरावेत. भारताचे आयएन, आयएनडी आणि ३५६. कोडांनाही खोडी आहेत. नामिबियाचा कोड एनए. आकडेवारीच्या अनेक साधनांना तो ‘माहिती नाही’ असा वाटतो आणि अख्खा देश गळतो. अफगाणिस्तानचा ००४ एक्सेलमध्ये ४ होतो. नॅचरल अर्थच्या काही आवृत्त्यांत फ्रान्स आणि नॉर्वेच्या आयएसओ रकान्यात चक्क -९९, म्हणजे ‘कोड नाही’, असं आहे. म्हणून न जुळलेल्या प्रत्येक ओळीचा इशारा कंपोनंटने ब्राउझरच्या कन्सोलवर, म्हणजे विकसकांना संदेश दिसणाऱ्या खिडकीत, द्यावा. पंधरा मिनिटांचं काम, पण मी ते कधीही वगळणार नाही.

रंगवताना एकूण आकडा टाळावा, दर घ्यावा: दर चौरस किलोमीटर किंवा दर हजारी. लोकसंख्येच्या घनतेत सिंगापूर दर चौ.किमी. सुमारे ८,००० वर, तर मंगोलिया अवघ्या २ वर. समान अंतराचे पाच वर्ग पाडले तर जवळजवळ सगळं जग एकाच फिक्या रंगात बुडतं. प्रत्येक वर्गात देशांची संख्या सारखी येईल असे वर्ग पाडावेत. माहिती नसलेल्या देशाला शून्याचा रंग कधीच देऊ नये. राखाडी तिरप्या रेघा द्याव्यात.

रंग क्षेत्रावर पसरतो, म्हणून क्षेत्रफळ खरं दिसायला हवं. मर्केटर प्रक्षेपणात ग्रीनलँड आफ्रिकेएवढं वाटतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे १४ पट आहे. २०१८ साली आलेलं इक्वल अर्थ प्रक्षेपण क्षेत्रफळ राखतं आणि त्याचं सूत्र काही ओळींत मावतं. फक्त १८० रेखांशावर रशिया आणि फिजीचे बहुभुज कापलेले आहेत ना, ते पाहावं. नाहीतर नकाशावर आडवी पट्टी उमटते.

मराठी नावांची यादी हाताने करायची गरज नाही. ब्राउझरमध्येच असलेल्या इंटल-डिस्प्लेनेम्स या सोयीला ‘एमआर’ (मराठी) ही भाषा आणि दोन अक्षरी कोड दिला की ‘भारत’, ‘जर्मनी’ अशी नावं मिळतात. इंटल-नंबरफॉरमॅट आकडे देवनागरीत, लाख-कोटींच्या स्वल्पविरामांसह देतो. फोनवर माउस नसतो, त्यामुळे देशाचं नाव आणि आकडा नुसत्या स्पर्शानेही उघडला पाहिजे.