एलओसी आणि एलएसी: फरक अक्षराचा नाही, सहीचा आहे

15 जून 2020 रोजी लडाखच्या गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत 20 भारतीय जवान शहीद झाले. त्या घटनेला 'एलओसीवरची चकमक' म्हणणारे आजही भेटतात. त्यात मराठीत 'ताबारेषा' हा शब्द दोन्हींसाठी सर्रास वापरला जातो, त्यामुळे गोंधळ वाढतो. सरळ वाटणी करावी: पाकिस्तानकडची एलओसी ती नियंत्रण रेषा आणि चीनकडची एलएसी ती प्रत्यक्ष ताबारेषा.

नियंत्रण रेषा बहुतेकांना माहीत असते. 1949 ची शस्त्रसंधी रेषा, मग 1971 चं युद्ध, 2 जुलै 1972 चा सिमला करार. लांबी साधारण 740 किलोमीटर. कठुआ-सांबा भाग तिच्यात येत नाही, तिथे आंतरराष्ट्रीय सीमा आहे आणि पहारा सीमा सुरक्षा दलाचा. आणि तारेचं कुंपण म्हणजे नियंत्रण रेषा नव्हे. कुंपण आपल्याच बाजूला, रेषेपासून आत आहे.

खरी मेख पुढे आहे. सिमला करारानंतर दोन्ही सैन्यांचे अधिकारी नकाशे घेऊन बसले आणि 11 डिसेंबर 1972 रोजी सुचेतगडला त्यांवर सह्या झाल्या. 27 नकाशापत्रं जोडून 19 मोठे नकाशे, असे दोन संच. म्हणजे रेषा सीमा म्हणून मान्य नसली तरी ती कुठून जाते यावर वाद नाही. 1999 मध्ये कारगिलला हेच कामी आलं. रेषा अस्पष्ट असल्याचा पाकिस्तानचा दावा टिकला नाही आणि 4 जुलैच्या क्लिंटन-शरीफ निवेदनात सिमला करारानुसार तिचा मान राखण्याची भाषा आली.

प्रत्यक्ष ताबारेषेचा असा नकाशाच नाही. हे शब्द चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांच्या 7 नोव्हेंबर 1959 च्या पत्रात होते, तो प्रस्ताव नेहरूंनी नाकारला. 7 सप्टेंबर 1993 च्या करारात दोन्ही देशांनी 'प्रत्यक्ष ताबारेषा' हे नाव स्वीकारलं, पण ती कुठून जाते ते लिहिलं नाही. जिथे मतभेद असतील तिथे एकत्र तपासून ठरवू, एवढंच म्हटलं. 1996 मध्ये नकाशे अदलाबदलीचं ठरलं. मध्य क्षेत्राचे दिले-घेतले गेले, लडाखच्या पश्चिम क्षेत्रापाशी 2002 मध्ये घोडं अडलं. परिणाम असा की भारत ही रेषा 3,488 किलोमीटर धरतो आणि चीन सुमारे 2,000.

लडाखमधल्या पँगाँग सरोवराच्या उत्तर काठावर हे स्पष्ट दिसतं. पाण्याकडे उतरणाऱ्या डोंगरसोंडांना 'फिंगर' म्हणतात. भारताच्या मते रेषा फिंगर 8 वर, चीनच्या मते बरीच पश्चिमेला, फिंगर 4 च्या आसपास. मधल्या पट्ट्यात दोघांचीही गस्त जायची आणि दोघांच्याही लेखी समोरचा घुसखोर. म्हणून 'चीनची घुसखोरी' एवढंच लिहून भागत नाही, कोणाच्या रेषेनुसार तेही लिहायला हवं. बंदुका का चालत नाहीत, याचं उत्तरही कागदावर आहे: 1996 च्या करारानुसार रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबाराला बंदी. गलवानमध्ये दगड आणि खिळे ठोकलेले दंडुके निघाले ते त्यामुळे. 21 ऑक्टोबर 2024 रोजी जाहीर झालेला लडाखमधल्या देपसांग-डेमचोकचा भारत-चीन तोडगाही गस्तीपुरता आहे. त्याला 'सीमावाद मिटला' म्हणणं चूक.

आता अपवाद. नियंत्रण रेषेचे नकाशेही एनजे 9842 या बिंदूपाशी संपतात. त्यापुढे 1949 च्या शस्त्रसंधी कराराचे फक्त एवढेच शब्द: 'तिथून उत्तरेला हिमनद्यांकडे'. तिथे कोणी राहणार नाही असं गृहीत धरलं होतं. 13 एप्रिल 1984 रोजी भारतीय सैन्य सियाचेनवर चढलं. तिथली सुमारे 110 किलोमीटरची ठाण्यांची रांग ही तिसरीच रेषा, इंग्रजी आद्याक्षरांनी एजीपीएल (Actual Ground Position Line), म्हणजे दोन्ही सैन्यं प्रत्यक्ष जिथे आहेत ती रेषा. पाकिस्तानने तिच्यावर सही केलेली नाही, त्यामुळे सियाचेनच्या बातमीत 'एलओसी' लिहू नये.