पाच मिनिटांच्या इपॉक्सीमागची गोष्ट

इपॉक्सी म्हणजे दोन ट्यूबांतलं मिश्रण कालवून लावायचा चिकटवणारा पदार्थ. त्याचा जन्म दुरुस्तीसाठी झालाच नाही. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमधला एक रसायनतज्ज्ञ कवळीसाठी साहित्य शोधत होता, घट्ट होताना फारसं न आकसणारं. त्यातून हे रेझिन, म्हणजे राळेसारखं चिकट द्रव्य, हाती आलं. कवळ्यांपेक्षा ते धातूला चिकटवायला जास्त कामाचं निघालं आणि १९४० च्या दशकात बाजारात आलं. सुरुवातीचे प्रकार भट्टीत तापवावे लागत, म्हणजे घरी उपयोग शून्य. मग अमाइन गटातले हार्डनर, म्हणजे रेझिनला घट्ट करणारी जोड-रसायनं, आले, साध्या तापमानाला जोड बसू लागला आणि दोन ट्यूबांची जोडी घरोघरी पोचली.

पुढे आली घाई. मर्कॅप्टन गटातले हार्डनर वापरले की मिश्रण पाच मिनिटांत आवळतं. तो कुबट, गंधकासारखा वास त्यांचाच. वेष्टनावरची पाच मिनिटं म्हणजे हात चालवायची मुदत. पूर्ण ताकद यायला कित्येक तास जातात, हे बारीक अक्षरात असतं.

बॉस्टनच्या एका बोगद्यात छताच्या काँक्रीट पट्ट्या इपॉक्सीत बसवलेल्या बोल्टांना टांगल्या होत्या. १९९९ मध्ये, काम चालू असतानाच, काही बोल्ट खाली सरकलेले दिसले. ते पुन्हा बसवले, ओढून तपासले, चाचणीत पास झाले आणि काम पुढे गेलं. १० जुलै २००६ च्या रात्री छत एका मोटारीवर कोसळून एक महिला ठार झाली. वापरलेलं इपॉक्सी झटपट आवळणाऱ्या प्रकारातलं होतं, असं चौकशीत निघालं. सतत ओझं असलं की हे मिश्रण तडकत नाही, कणाकणाने ताणलं जातं. अभियंते त्याला क्रीप म्हणतात. क्षणभर ओढून घेतलेल्या चाचणीत ते दिसणारच नव्हतं. दोष पुरवठादाराने नीट न सांगण्याचा की सरकलेले बोल्ट पाहूनही पुढे जाण्याचा, यावर बरीच चर्चा झाली. माझ्या मते दुसरा मोठा. बोल्ट सरकला तेव्हाच उत्तर समोर होतं.

भिंतीतला हूक चिकटवून, हिसका देऊन ‘पक्कं बसलं’ म्हणणारे आपण तीच चाचणी घेतो. टांगत्या वजनाला पाच मिनिटांचा प्रकार नको. फुटलेली मूठ किंवा खेळण्याचा पाय जागच्या जागी धरायला तो उत्तम.

यंत्राच्या दुरुस्तीत पोलादाची भुकटी घातलेला सावकाश प्रकार टिकला तो याच कारणाने. पंपाच्या कवचातली चीर आधी खरवडून उघडी करायची, काचकागदाने खरखरीत करायची, अॅसिटोनने तेलाचा अंश पुसायचा आणि भरून रात्रभर हात लावायचा नाही. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घालणाऱ्यांचा जोड मात्र मऊच राहतो, कारण उरलेल्या हार्डनरला जोडीला रेझिनच मिळत नाही.