पवईच्या थेंबातला अनोळखी पाहुणा

पवई तलावाच्या काठाशी तरंगणारी जलपर्णी उपटून तिची मुळं बाटलीत पिळली, की मातकट पाणी निघतं. त्यातला एक थेंब काचपट्टीवर घेतला तर सूक्ष्मदर्शकाखाली लोकलच्या फलाटावरची गर्दी, सगळी एकेका पेशीच्या जीवांची. देठावर डोलणारी व्हर्टिसेला धक्का लागताच देठ स्प्रिंगसारखा गुंडाळून घेते, चपलेच्या तळव्यासारखं पॅरामिशियम गोल गोल फिरत निघून जातं. मधेच कुठल्याच चित्राशी न जुळणारं काहीतरी पुढ्यात येतं आणि मनात येतं, ही नवी प्रजाती तर नव्हे? बहुतेक वेळा नसते. भरपेट खाल्लेली पेशी गुबगुबीत दिसते, उपाशी राहिलेली चपटी. त्यामुळे एकीवर विसंबायचं नाही, बऱ्याच पेशी मोजायच्या.

मोजायचं काय? शरीरावर पक्ष्माभिकांच्या, म्हणजे हलत्या केसांच्या, ओळी किती, पाणी बाहेर फेकणाऱ्या संकोची रिक्तिका किती आणि कुठे, केंद्रकं कशी. पक्ष्माभिकांच्या जीवांत केंद्रकं दोन प्रकारची असतात, मोठं रोजचा कारभार बघतं आणि छोटं वंशाचा ऐवज जपतं. जिवंत पेशीत हे सगळं नीट दिसत नाही, म्हणून पेशी चांदीच्या संयुगाने रंगवतात. मग केसांची मुळं काळी उमटतात. हे काम मला तरी रांगोळीच्या ठिपक्यांसारखं वाटतं, हात बसल्याशिवाय जमत नाही.

तरीही डोळा फसतो. पॅरामिशियम ऑरेलिया ही एकच प्रजाती, असं कैक वर्षं मानलं जात होतं. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ ट्रेसी सॉनबॉर्न यांना १९३७ साली दिसलं की या पेशींत जोडीचे ठरावीक प्रकार आहेत, एका प्रकाराची जोडी दुसऱ्याशीच जमते. पुढे लक्षात आलं, काही गट एकमेकांशी संकर करतच नाहीत. १९७५मध्ये त्यांनी त्या एका नावाच्या १४ प्रजाती केल्या. दिसायला जवळपास सारख्या, म्हणून नावंही सरळ आकड्यांची: प्रायमऑरेलिया, बायऑरेलिया, ट्रायऑरेलिया, अशी चौदापर्यंत. कल्पनाशक्ती थकली असावी!

अशा जुळ्यांसाठी आता जनुकं वाचतात. रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, लहान भागाचं जनुक घेऊन वंशवृक्षावर जीवाची फांदी शोधतात. पण अगदी जवळच्या भावंडांत हे जनुक जवळपास सारखंच असतं, म्हणून जोडीला पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियातलं वेगाने बदलणारं जनुकही लागतं.

एवढं झाल्यावर जुन्या वर्णनांशी ताळा. कोणी आधीच नाव देऊन ठेवलं असेल, तर सर्वसाधारणपणे आधीचं नाव टिकतं. युग्लिना या हिरव्या एकपेशीय जीवाची तर आणखी गंमत. हरितद्रव्य असल्याने वनस्पतिशास्त्रज्ञ ती आपली म्हणतात, पोहते म्हणून प्राणिशास्त्रज्ञ आपली. म्हणून तिच्या कुळातल्या नावांना दोन्हींकडचे नियम लागू होऊ शकतात.

नाव टिकायचं तर नमुनाही टिकला पाहिजे. प्राण्याची कातडी जपता येते, पेशीची काय जपणार? रंगवलेली काचपट्टीच. भारतात २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या प्रजातीचा नमुना सरकारने ठरवलेल्या भांडारात जमा करावा लागतो. पवईचा अनोळखी पाहुणा खरंच नवा निघाला, तर तोही काळ्या ठिपक्यांच्या रूपात काचेवर चिकटून तिथेच जाईल. बाकीचे नेहमीसारखे बाटलीत आणि बाटली गच्चीवर विसरलेली.