बायपासनंतरचे एक्स-रे आणि रेडिएशनची धास्ती

बायपास होऊन पेशंट आयसीयूत आला की पहिले काही दिवस सकाळी चाकांवरचं एक्स-रे यंत्र त्याच्या खाटेशी येतं. पाठीखाली प्लेट सरकवतात, टेक्निशियन "काका, श्वास रोखा" म्हणतो आणि सिस्टर चार पावलं मागे सरकतात. इंदुरात हृदयाच्या ऑपरेशनसाठी खंडवा-बऱ्हाणपूरकडूनही माणसं येतात. काचेतून बघणारे नातेवाईक नेमके त्या चार पावलांना घाबरतात. धोका नसेल तर सिस्टर मागे का गेल्या?

कारण त्यांना हेच काम वर्षानुवर्षं करायचं असतं. अंतर दुप्पट केलं की किरणांचा मारा चौथाईवर येतो, इतकं साधं गणित आहे. पेशंटला मात्र त्या एक्स-रेची गरज असते. फुप्फुसाभोवती पाणी किंवा हवा साठली का, हे त्यात दिसतं. छातीच्या एका एक्स-रेचा डोस साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेलं रेडिएशन मोजायचं एकक). माती, हवा, अन्न आणि आकाशातून येणारे किरण मिळून जगाच्या सरासरीनं माणसाला वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे एक एक्स-रे हा तीनेक दिवसांच्या नैसर्गिक रेडिएशनइतका. याची चिंता खरोखर सोडून द्यावी.

हे किरण अंगात साठून राहतात, हीही भीती ऐकू येते. आपल्या इंदुरातल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हे यंत्र इलेक्ट्रॉन वेगानं फिरवून क्ष-किरण तयार करतं. इलेक्ट्रॉन थांबले की किरणही थांबतात. एक्स-रे आणि सीटीचंही तसंच. मागे उरू शकते ती पेशीतल्या डीएनएला झालेली इजा. बहुतेक इजा शरीर दुरुस्त करतं, क्वचित एखादी चुकीची दुरुस्त होते, आणि तपासण्या वाढतील तशी ही शक्यता वाढत जाते.

म्हणून हिशोब ठेवायचा तो पुढच्या वर्षांतल्या मोठ्या तपासण्यांचा. साधी अँजिओग्राफी ७ मिलिसिव्हर्टच्या आसपास, अँजिओप्लास्टी त्याच्या दुप्पट. हृदयाचं सीटी नव्या यंत्रावर ५ च्या आत होऊ शकतं, जुन्यावर १० च्या पुढेही जातं. 'थॅलियम टेस्ट'मध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषध टोचून हृदयाचा रक्तपुरवठा बघायच्या तपासणीत, हल्ली बहुधा थॅलियमऐवजी टेक्नेशियम वापरतात, तिचा डोस १० च्या घरात. खरंच थॅलियम दिलं तर आणखी जास्त. १० मिलिसिव्हर्टमुळे आयुष्यात कॅन्सरची जादा जोखीम ढोबळमानानं दोन हजारांत एक धरतात. हा अंदाज मुख्यतः हिरोशिमा-नागासाकीत वाचलेल्यांच्या पाहणीवरून, मोठ्या डोसकडून लहान डोसकडे उतरत काढलेला आहे. शिवाय असा कॅन्सर व्हायला बरीच वर्षं लागतात. सत्तरीतल्या माणसाच्या छातीत पुन्हा दुखू लागलं, तर अँजिओग्राफी टाळण्यात कितीतरी मोठा धोका आहे.

मला खरा राग येतो तो फुकट गेलेल्या डोसचा. गावी सीटी झालेलं असतं, सीडी घरी राहते, इथं दवाखाना बदलतो आणि तेच सीटी पुन्हा होतं. सीडी, फिल्म आणि रिपोर्ट एकाच फाइलमध्ये ठेवा. सीटीच्या माहितीत 'डीएलपी' नावाचा, त्या तपासणीतलं एकूण रेडिएशन सांगणारा आकडा असतो. छातीच्या सीटीत त्याला ०.०१४ नं गुणलं की ढोबळ मिलिसिव्हर्ट मिळतात: डीएलपी ५०० असेल तर ७. आणि डॉक्टरांना मोकळेपणानं विचारा, "या तपासणीनं औषधोपचार बदलणार आहे का? इकोवर भागेल का?" टू-डी इको म्हणजे सोनोग्राफीच; त्यात हे रेडिएशन अजिबात नसतं.

लहान मुलांबाबत हा प्रश्न आवर्जून विचारावा. हृदयाचं छिद्र बंद केलेल्या बाळाच्या पेशी झपाट्यानं वाढत असतात आणि पुढे आख्खं आयुष्य असतं, म्हणून त्याला तोच डोस मोठ्यांपेक्षा जास्त बाधतो. अशा मुलांचा बराचसा फॉलो-अप इकोवरच होतो.

एमआरआयमध्येही क्ष-किरण नसतात. छातीचं हाड बांधलेल्या तारा बहुधा त्याच्या आड येत नाहीत, हे अनेकांना माहीत नसतं. पेसमेकर असेल तर तो एमआरआयला चालतो का, हे त्याच्या कार्डावरच्या मॉडेलवरून कळतं. ते कार्डही त्याच फाइलमध्ये ठेवा.